समन्स आल्यावर : सीमाभागातील कुटुंबांसाठी कोर्टाची थोडी ओळख

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. उपदेश चांगला आहे, पण पायरी चढावी की न चढावी हे ठरविणे नेहमी आपल्या हाती असतेच असे नाही. दुकानाचा परवाना वेळेवर नवा करावयाचा राहिला, घराचा सज्जा नकाशापेक्षा हातभर पुढे आला, मुलगा मोटारसायकल घेऊन कागलला निघाला आणि वाटेत अडविला गेला, पतसंस्थेला दिलेला चेक परत आला, शेजारच्या भांडणात मध्ये पडलो म्हणून साक्षीदार व्हावे लागले, अशा अगदी साध्या कारणांनी एक दिवस दारात माणूस कागद घेऊन उभा राहतो. त्या दिवशी म्हणीचा काही उपयोग होत नाही. तेव्हा काय करावयाचे, हे माहीत असावे लागते. महोत्सवाच्या या स्मरणिकेत ट्रस्टच्या कार्याबरोबरच घरोघरी उपयोगी पडेल असे काहीतरी असावे, या हेतूने आम्ही हा विषय घेतला आहे.

सीमाभागात या विषयाला एक जादा पदर आहे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. राज्य पुनर्रचनेने तो म्हैसूर राज्यात गेला, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि २०१४ साली शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. न्यायव्यवहाराची वाटही त्याबरोबर वळली. पूर्वी वरच्या अपिलासाठी मुंबईची गाडी धरावी लागे, ती पुढे बंगळूरची धरावी लागली. २००८ साली धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते पीठ सुरू झाले आणि २०१३ साली ते कायम झाले, तेव्हा हा प्रवास आवाक्यात आला. पण सामान्य कुटुंबाला उच्च न्यायालयाशी क्वचितच काम पडते. त्याचा संबंध येतो तो तालुक्याच्या कोर्टाशी, आणि त्या कोर्टाचा कारभार चालतो कन्नडात, जोडीला इंग्रजीत. खालच्या कोर्टांची भाषा कोणती असावी हे ठरविण्याचा अधिकार कायद्याने राज्य सरकारला दिला आहे. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला, तो वेगळा. त्या दाव्याचे काय व्हायचे ते होवो, सोमवारची आपली तारीख मात्र आपल्यालाच गाठावी लागते.

आमचे सांगणे थोडक्यात असे की, आपल्या माणसांचे कोर्टात जे नुकसान होते ते बहुधा गुन्ह्यामुळे होत नाही, तर न समजलेल्या गोष्टीला 'होय' म्हटल्यामुळे आणि तारखेला न गेल्यामुळे होते. या दोन्ही गोष्टींवर कायद्यातच तोड आहे. फक्त ती मागावी लागते, आणि वेळेवर मागावी लागते.

प्रथम हे पाहावे की हातात आलेला कागद आहे तरी कसला. नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची नोटीस म्हणजे कोर्टाचे समन्स नव्हे. नोटीस ही त्या कचेरीची असते, तिच्यात उत्तर देण्यास मुदत दिलेली असते, आणि पुष्कळ प्रकरणे त्या उत्तरानेच मिटतात. निपाणीची नगरपालिका १९६४ च्या कर्नाटक नगरपालिका कायद्याखाली चालते, बेळगावची महानगरपालिका १९७६ च्या वेगळ्या कायद्याखाली. म्हणून बेळगावच्या पाहुण्याने सांगितलेले कलम निपाणीला लागू पडेलच असे नाही. नोटिशीला उत्तर मराठीत दिले तर चालते का, हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे कोणत्याही व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत करता येतो. अर्ज मराठीत करण्याचा हक्क आहे. तरीही आमचा व्यवहारी सल्ला असा की मराठी अर्जासोबत कन्नड प्रत जोडावी. हक्क राखला जातो आणि कामही अडत नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पोच नसलेला अर्ज केला काय आणि न केला काय, सारखेच.

नोटिशीला उत्तर गेले नाही, किंवा कचेरीचे समाधान झाले नाही, तर ती कचेरी कोर्टात फिर्याद करते. लोक याला 'म्युनिसिपालिटीचे कोर्ट' म्हणतात, पण आपल्या तालुक्याच्या गावी त्यासाठी निराळे न्यायमंदिर नसते. हे काम प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालते. निपाणी, चिकोडी, खानापूर अशा ठिकाणी बहुधा तेच न्यायाधीश सकाळी जमिनीचा दिवाणी दावा ऐकतात आणि त्याच खुर्चीत बसून गटारावरच्या फरशीची फिर्यादही ऐकतात. आणखी एक घोटाळा येथेच मिटवावा. तहसीलदारांसारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे निवडणुकीच्या किंवा मिरवणुकीच्या आधी 'शांतता राखीन' असा बंधपत्राचा कागद लिहून घेतात, तेही एक प्रकारचे कोर्टच असते. पण तेथे कोणावर गुन्हा शाबीत होत नसतो आणि शिक्षा होत नसते. बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. त्या कागदाला पाहून घरात रडारड करण्याचे कारण नाही. मात्र त्यातील अटी मोडल्या तर बंधपत्राची रक्कम भरावी लागते, हे विसरूही नये.

आता समन्स. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यातला एक लहानसा बदल आमच्या मते प्रत्येक घरातील स्त्रीला सांगून ठेवावा असा आहे. पूर्वी ज्याचे समन्स तो घरी नसला, तर ते घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच देता येत असे. नव्या कायद्यात 'पुरुष' हा शब्द गेला. घरातील कोणत्याही सज्ञान व्यक्तीकडे, म्हणजे आईकडे, पत्नीकडे, सुनेकडे, समन्स दिले की ते पोचले असे धरले जाते. घरी कामाला येणारा गडी किंवा बाई मात्र कुटुंबात धरत नाहीत. कोणीच सापडले नाही तर कागद दारावर चिकटवितात. तेव्हा मालक वखारीत आहेत, संध्याकाळी या, असे सांगून आता भागत नाही. कागद घेतला की त्याच दिवशी तो ज्याचा आहे त्याच्या हाती गेला पाहिजे. देव्हाऱ्यामागे किंवा पिठाच्या डब्याखाली ठेवलेल्या समन्सने किती घरांना वॉरंट दाखविले आहे, हे वकिलांना विचारावे.

समन्सवर चार गोष्टी पाहाव्यात : कोर्टाचे नाव व गाव, खटल्याचा क्रमांक, तारीख, आणि आपले नाव आरोपी म्हणून आहे की साक्षीदार म्हणून. चौथी गोष्ट प्रथम वाचावी, म्हणजे निम्मी भीती जाते. कागद कन्नडात असला आणि घरात कोणाला वाचता येत नसला तर वाचून घेण्यास लाजू नये. शाळेत जाणारी आपली मुले आज कन्नड वाचतात. खटल्याचा जो सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो सापडल्यास वहीत उतरून ठेवावा. ई-कोर्टाच्या सेवेवर त्या क्रमांकाने पुढची तारीख घरबसल्या फोनवर पाहता येते. काही अगदी किरकोळ, केवळ दंडाच्या गुन्ह्यांत समन्सवरच असे लिहिलेले असते की कबूल असेल तर अमुक दंड पोस्टाने किंवा वकिलामार्फत भरावा, स्वतः येण्याची गरज नाही. हे सोयीचे असते. पण कबुली ती कबुलीच, आणि तिच्याविषयी पुढे सांगावयाचे आहे ते यालाही लागू आहे.

तारखेच्या दिवशी अकराच्या आत कोर्टात असावे. आपले काम कधी निघेल ते कोणी सांगू शकत नाही. बाहेर फलकावर त्या दिवसाच्या कामांची यादी असते, तीत आपला क्रमांक पाहावा. शिपाई दारात येऊन नावाचा पुकारा करतो, तेव्हा जवळ असावे. चहाला जावयाचे तर एकट्याने न जाता कोणाला तरी दारात उभे करून जावे. कन्नड उच्चारात आपले आडनाव थोडे निराळे ऐकू येते, म्हणून कान त्या दृष्टीने तयार ठेवावेत. फोन बंद असावा आणि आत छायाचित्र मुळीच काढू नये. न्यायाधीश आले म्हणजे उभे राहावे, बोलताना हात खिशात नसावेत. कपडे स्वच्छ असले की पुरे. लग्नाला निघाल्यासारखे जाण्याचीही गरज नाही आणि दीनवाणे दिसण्याचीही नाही.

आरोपी म्हणून पहिल्या तारखेला जे घडते, ते अगदी थोड्या वेळात घडते, आणि साऱ्या खटल्यात महत्त्वाचे तेच असते. न्यायदंडाधिकारी आरोप काय आहे ते सांगतात आणि विचारतात, कबूल आहे की बचाव करावयाचा आहे. कन्नडात हा प्रश्न साधारण असा येतो : 'तप्पु ओप्पिकोळ्ळुत्तीरा?' आता आपल्या भागातल्या माणसाची अडचण पाहा. कोर्टातले कितीतरी शब्द त्याच्या ओळखीचे असतात. अर्जी, साक्षी, वकील, हाजरु, जामीनु, सही, दंड, आरोपी हे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच. अण्णा, अक्का, अप्पा तर दोन्ही घरचे. ते ऐकून त्याला वाटते की आपल्याला सगळे समजते आहे. आणि नेमका ज्या शब्दावर खटला फिरतो तो त्याला समजत नाही. 'तप्पु' म्हणजे चूक, गुन्हा. 'ओप्पु' म्हणजे कबूल करणे. त्याला वाटते, साहेब नाव विचारताहेत किंवा हजर आहात ना विचारताहेत. तो हात जोडून नम्रपणे 'होय साहेब' म्हणतो. लगेच दंड सांगितला जातो, तो भरतो, आणि सुटलो म्हणून बसस्टँडकडे चालू लागतो.

तो सुटलेला नसतो. त्याच्या नावावर गुन्हा शाबीत झालेला असतो. कबुलीवरून शिक्षा झाली असेल तर 'मी गुन्हा केलाच नाही' असे म्हणून अपील करता येत नाही. शिक्षा फार आहे किंवा बेकायदा आहे एवढ्यापुरतेच अपील उरते, आणि दंडाधिकाऱ्यांनी केलेला दंड अगदी लहान असला तर तेही उरत नाही. पुढे मुलगा नोकरीचा अर्ज भरतो, त्यात कधी कोर्टात शिक्षा झाली आहे काय असा रकाना असतो. पाचशे रुपये देऊन मिटविलेले प्रकरण त्या रकान्यात जाऊन बसते. कबुली देऊच नये असे आम्ही म्हणत नाही. चूक खरोखर झाली असेल आणि दंड किरकोळ असेल, तर दहा तारखा घालविण्यापेक्षा कबूल करून मोकळे होणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. पण ते समजून, वकिलाला विचारून, आणि आपल्या तोंडाने करावे. कायदा असे सांगतो की कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यावी. ज्याने 'होय साहेब' याखेरीज शब्दच उच्चारले नाहीत, त्याच्या कोणत्या शब्दांत ती लिहावयाची?

म्हणून दोन कन्नड वाक्ये प्रत्येकाने पाठ करावीत, अशी आमची सूचना आहे. 'ननगे कन्नड बरुवुदिल्ल', मला कन्नड येत नाही. आणि 'अर्थ आगलिल्ल', अर्थ समजला नाही. दुसऱ्या वाक्यातला 'अर्थ' आपलाच आहे, तेव्हा पाठांतराला अडचण नाही. ही वाक्ये भांडणाच्या सुरात म्हणावयाची नाहीत. न्यायाधीशांना त्यांत अपमान वाटण्याचे कारण नाही, उलट त्यांचे काम नीट होते. सीमाभागातील कोर्टांत वकील, कारकून, शिपाई यांपैकी पुष्कळांना मराठी बोलता येते आणि प्रश्न मराठीत समजावून सांगणारा कोणी ना कोणी तेथे निघतोच. पण आपण गप्प राहिलो तर आपल्याला समजले नाही हे त्यांना कसे कळावे?

हे केवळ सौजन्यावर सोडलेले नाही. साक्षीपुरावा आरोपीला न समजणाऱ्या भाषेत झाला आणि आरोपी हजर असला, तर तो त्याला समजेल अशा भाषेत उघड्या कोर्टात सांगितला पाहिजे, असे संहितेच्या ३१४ व्या कलमात आहे. साक्षीदार मराठीत बोलला तर त्याची साक्ष जमल्यास त्याच भाषेत लिहावी; जमण्यासारखे नसेल तर साक्ष चालू असतानाच तिचे खरे भाषांतर कोर्टाच्या भाषेत तयार करावे. साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवावी, आणि लिहिलेली भाषा साक्षीदाराला येत नसेल तर त्याला समजणाऱ्या भाषेत सांगावी. त्यात काही चुकले असे साक्षीदाराने म्हटले तर ती दुरुस्ती करावी किंवा निदान त्याचा आक्षेप टिपून ठेवावा. आरोपीचे स्वतःचे म्हणणे लिहून घेतले तरी हीच रीत. वाचून दाखविल्यावर त्यात भर घालण्याचा किंवा खुलासा करण्याचा त्याला अधिकार आहे. दुभाषा नेमला असेल तर त्याने खरे तेच सांगितले पाहिजे, हेही कायद्याने त्याच्यावर बंधन आहे. जुन्या १९७३ च्या संहितेतही हे सारे होतेच, नव्या संहितेत फक्त कलमांचे आकडे बदलले. सही करण्यापूर्वीचे ते दोन मिनिटांचे वाचन हीच आपली ढाल आहे. घाई आहे, माणसे खोळंबली आहेत, म्हणून ते सोडून देऊ नये.

सहीवरून आठवले. पोलिसांनी तपासात साक्षीदाराचा जबाब लिहून घेतला तर त्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यावयाची नसते. पंचनाम्यावर पंचांची सही असते, फिर्यादीवर फिर्याद देणाराची असते, आणि ती फिर्याद त्याला वाचून दाखवून तिची प्रत फुकट द्यावी लागते. हे तीन कागद निरनिराळे आहेत. कोणत्या कागदावर सही मागताहेत हे विचारण्यात उद्धटपणा नाही. हीच दक्षता आपल्या स्वतःच्या वकिलाने तयार केलेल्या प्रतिज्ञापत्राबाबत ठेवावी. ते इंग्रजीत टाईप केलेले येते आणि खाली लिहिलेले असते की मजकूर मला समजावून सांगितला व तो खरा आहे. समजावून सांगितल्याशिवाय ते खरे कसे होईल? वकिलांना मराठीतून सांगावयास लावावे. चांगले वकील सांगतात.

आरोप नाकारला म्हणजे जामिनाचा प्रश्न येतो. किरकोळ गुन्ह्यांत जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या हमीवर, सुटका होऊ शकते. कधी जामीनदार मागतात. येथे सीमाभागाची खास अडचण उभी राहते. निपाणीच्या माणसाचा सख्खा भाऊ कागलला, मामा कोल्हापूरला, जमीन हद्दीच्या पलीकडे, हा घरोघरचा प्रकार आहे. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, आणि त्यात शिकणारी कितीतरी मुले कर्नाटकातली. अशा वेळी 'जामीनदार याच तालुक्यातला आणा, पहाणी उतारा आणा, सातबारा चालणार नाही' असे ऐकावे लागले तर काय करावे?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे आणि तो प्रत्येक सीमावासीयाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गवंड्याला जामिनावर सोडण्याचा हुकूम झाला होता. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ पुढे आला, तेव्हा तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातील आहे म्हणून त्याला नाकारले. गवंडी तुरुंगातच राहिला. प्रकरण दिल्लीला गेले. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिलेल्या निकालात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. जामिनाची रक्कम माणसाच्या ऐपतीपलीकडे ठेवणे म्हणजे जामीन नाकारण्यासारखेच आहे, ही एक. आणि जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा दुसऱ्या राज्यातला आहे एवढ्याच कारणाने त्याला परत पाठविता येत नाही, ही दुसरी. परप्रांतात पकडल्या गेलेल्या, तेथील भाषा न जाणणाऱ्या माणसाने स्थानिक जामीनदार आणावा तरी कोठून, याचाही विचार त्या निकालात केलेला आहे. घटनेने दिलेली समानता भारतीय म्हणून आहे, जिल्ह्याचा रहिवासी म्हणून नव्हे, असा त्याचा आशय.

निकाल आहे म्हणून सारे आपोआप होते असे नाही. जामीनदार खरा आहे की नाही, त्याची ऐपत आहे की नाही, हे पाहण्याचा कोर्टाला अधिकार आहेच, आणि खोटे जामीनदार उभे करणारे लोक सर्वत्र असतात म्हणून कोर्ट सावध असते. पलीकडचा भाऊ उभा करावयाचा असेल तर त्याचा सातबारा, त्याचे कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर, घरफाळ्याची पावती, ओळखपत्र व छायाचित्रे अशी तयारी करून न्यावे. वकिलांना मोतीराम प्रकरणाची आठवण द्यावी. जामीनदार राहणाऱ्या भावानेही समजून राहावे. आरोपी तारखेला आला नाही तर पैसे जामीनदाराने भरावयाचे असतात. भावाभावांतील कितीएक अबोले या एका सहीतून जन्माला आले आहेत.

तारखा चुकविणे हा आपल्याकडचा मोठा दोष. आज ऊसतोड आहे, उद्या तंबाखूचा सौदा आहे, परवा पाहुणे आहेत. एक तारीख चुकली की प्रथम वॉरंट जामीनपात्र निघते, मग बिगरजामीनपात्र. खरोखर अडचण असेल तर वकिलामार्फत त्या दिवसापुरता गैरहजेरीचा अर्ज देता येतो, आजाराचा दाखला जोडता येतो. किरकोळ खटल्यात म्हाताऱ्या माणसाला किंवा दूर नोकरीला असलेल्याला प्रत्येक वेळी येण्यापासून सूटही कोर्ट देऊ शकते. न विचारता न जाणे आणि विचारून न जाणे यांत फार अंतर आहे.

वकील परवडत नाही हे न जाण्याचे कारण होऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग आणि अटकेत असलेली माणसे यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. निपाणीच्या विडी वळणाऱ्या भगिनींना स्त्री म्हणूनच हा हक्क आहे, दारिद्र्याचा दाखला शोधत हिंडण्याची त्यांना गरज नाही. तालुक्याच्या कोर्टातच समितीची कचेरी असते, आणि १५१०० हा फुकटचा फोन आहे. मराठी समजणारा वकील द्यावा, अशी विनंती अर्जात लिहावी. फुकटचा वकील कच्चा असतो अशी एक समजूत आहे. आमचे मत असे की हजर राहणारा साधा वकील हा न येणाऱ्या नामांकित वकिलापेक्षा केव्हाही बरा.

लोकअदालतीविषयी एकच सांगावयाचे. चेकची प्रकरणे, अपघाताच्या भरपाया, भाऊबंदकीचे लहान दावे तेथे एका दिवसात मिटतात आणि दिवाणी दाव्यातील कोर्ट फी परत मिळते. पण तेथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही. म्हणून तडजोडीचा कागद मराठीत सांगून घेतल्याशिवाय, आणि आकडे स्वतः वाचल्याशिवाय, अंगठा किंवा सही देऊ नये. जुन्या खरेदीखतांचेही तसेच. पेटीतला कागद मराठीत, कधी मोडीत असतो. त्याचे भाषांतर करवून घेण्यास वेळ लागतो, तेव्हा तारीख आठवड्यावर आली म्हणजे धावपळ करण्यात अर्थ नाही. मोडी वाचणारी माणसे आता थोडी उरली आहेत. ज्यांच्या घरी असे दफ्तर आहे त्यांनी खटला नसतानाच ते वाचवून, देवनागरीत उतरवून ठेवावे.

साक्षीदार म्हणून जाणाऱ्यांनी घाबरण्यासारखे काही नाही. जे पाहिले ते सांगावे, जे ऐकले ते ऐकले म्हणून सांगावे, आणि आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावे. उलटतपासणीत वकील आवाज चढवितात तो त्यांच्या कामाचा भाग असतो. आपण आवाज चढवू नये. प्रश्न दुसऱ्या भाषेत आला तर त्याचे मराठी होईपर्यंत उत्तर देऊ नये, अर्धे समजले असले तरी. येण्याजाण्याचा खर्च कोर्टाकडे मागता येतो, पुष्कळांना हे ठाऊकच नसते.

शेवटी निकाल, म्हणजे 'तीर्पु'. तो बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडात लिहिलेला असतो आणि भराभर वाचला जातो. दोषी ठरल्यास अपिलाची मुदत साधारणपणे तीस दिवसांची, अपील जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात. त्यासाठी निकालाची नक्कल लागते. येथेही कायद्याने एक सोय करून ठेवली आहे, तिचा लाभ फार थोडे लोक घेतात. आरोपीने अर्ज केला तर त्याला निकालाची प्रमाणित नक्कल, आणि त्याची इच्छा असल्यास व शक्य असल्यास त्याच्या स्वतःच्या भाषेतील भाषांतर, विलंब न करता द्यावे लागते. निकाल अपील करण्याजोगा असेल तर ते फुकट द्यावे लागते. जुन्या संहितेत हे ३६३ वे कलम होते, नव्या संहितेत ४०४ वे आहे. अर्ज साध्या कागदावर, खटल्याचा क्रमांक व तारीख घालून, निकाल लागेल त्याच दिवशी नकला देणाऱ्या शाखेत द्यावा आणि त्याचीही पोच घ्यावी.

ज्यांना समन्स वाचून घ्यावयाचे असेल, अर्जाची कन्नड प्रत करून हवी असेल, किंवा पहिल्या तारखेला कोणी सोबत यावे असे वाटत असेल, त्यांनी ट्रस्टच्या कचेरीत मूळ कागद घेऊन यावे. केवळ तोंडी हकीकत सांगून भागत नाही, कागद पाहावा लागतो. तारखेच्या आदल्या संध्याकाळी न येता निदान चार दिवस आधी यावे.